कंबर धरली तर: घरच्या घरी आराम मिळवण्याचा क्रम

कंबर धरली की पहिला संशय येतो तो मणका सरकल्याचा. प्रत्यक्षात साध्या कंबरदुखीच्या दहा जणांपैकी सुमारे नऊ जणांत तपासण्या करूनही अमुक हाड, मणक्यांमधली अमुक चकती किंवा अमुक नस दोषी आहे असं बोट दाखवून सांगता येत नाही. एखादा स्नायू किंवा सांध्याभोवतीचा भाग चिडलेला असतो, आणि त्याला जपण्यासाठी शरीर आजूबाजूचे स्नायू आवळून धरतं. म्हणून कूस बदलताना जीव कळवळतो. दुखणं भयंकर असलं तरी आतली इजा तितकीच भयंकर असेल असं मुळीच नाही. बहुतेकांना दोन आठवड्यांत बराच उतार पडतो आणि सहा आठवड्यांच्या आत रोजची कामं सुरळीत होतात.

या काळात घरी करायचं मुख्य काम एकच. कोणत्या स्थितीत आणि कोणत्या हालचालीने दुखणं उतरतं, कशाने चढतं, हे शोधायचं आणि पुढचे दिवस त्यावर बेतायचे. शेक, गोळी, उशी हे त्या कामातले मदतनीस. त्यांनाच उपचार समजून अंथरुण धरलं की आठवड्याचं दुखणं महिन्यावर जातं.

लेख बरगड्यांच्या खालपासून कुल्ल्यापर्यंतच्या दुखण्याबद्दल आहे, मग कळ पायात उतरत असो वा नसो. मानेचं दुखणं, गरोदरपणातली कंबरदुखी आणि लहान मुलांची पाठदुखी यांचे नियम वेगळे असतात.

१. आधी ठरवा: घरी थांबायचं की रुग्णालय गाठायचं

ही पायरी गाळू नका. दोन मिनिटांचं काम आहे.

पुढचं काहीही असेल तर लगेच रुग्णालयात जा, रात्र असली तरी:

- लघवी अडकली आहे, लागल्याचं कळत नाही, किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला आहे.
- गुदद्वाराभोवती, जननेंद्रियाजवळ आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, म्हणजे सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो तिथे, बधिरपणा आला आहे.
- दोन्ही पायांतलं बळ कमी होत चाललं आहे, किंवा चालताना एक पाऊल लोंबकळतं.

मज्जारज्जू संपतो तिथून खाली नसांचा जुडगा उतरतो. तो दबला की ही लक्षणं दिसतात. शस्त्रक्रियेला उशीर झाला तर गेलेला ताबा कायमचा जाऊ शकतो, म्हणून यात ‘उद्या सकाळी बघू’ चालत नाही.

एक-दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवा, जर:

- कंबरदुखीसोबत ताप किंवा थंडी आहे.
- पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, किंवा काही कारण नसताना वजन उतरतं आहे.
- पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखायला लागलं. हाडं ठिसूळ झालेल्या किंवा बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाच्या मणक्याला साध्या घसरण्यानेही चेप बसू शकते.
- कशाही स्थितीत दुखणं थांबत नाही आणि रात्री ते वाढतं.
- वय २०च्या आत आहे, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच अशी कंबर धरली आहे.

काही दुखणी कमरेची वाटतात, पण नसतात. एका कुशीतून जांघेकडे उतरणारी कळ असेल आणि माणसाला कसंही बसवत-निजवत नसेल, तर मुतखड्याची शक्यता मोठी. कंबरदुखीवाला माणूस हलायला घाबरतो, मुतखडेवाला येरझाऱ्या घालतो. एका बाजूला पट्ट्यासारखी आग होऊन दोन-चार दिवसांत पुरळ उठलं तर ती नागीण. तिची औषधं पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर जास्त लागू पडतात. उतारवयात पोट आणि पाठ एकदम फाटल्यासारखी दुखून घेरी आली तर ती हृदयविकाराइतकीच तातडीची वेळ समजा.

कळ पायात जात असेल तर आणखी एक तपासणी. भिंतीला हात लावून दहा पावलं टाचांवर चाला, मग दहा पावलं चवड्यांवर. दुखलं तरी दोन्ही जमलं तर बळ शाबूत आहे. एका पायाचा चवडा वर उचलतच नसेल, किंवा एका चवड्यावर शरीर तोललं जात नसेल, तर घरी थांबू नका. ही तपासणी पहिल्या आठवड्यात रोज एकदा करा, कारण नसेवरचा दाब एखाद्या दिवसात वाढू शकतो.

२. हाताशी ठेवायच्या वस्तू

- दोन घट्टसर उश्या आणि एक पातळ उशी
- मोठा टॉवेल, गुंडाळी करण्यासाठी
- गरम पाण्याची पिशवी किंवा शेकायचा विजेवरचा पट्टा
- घडी करून खाली अंथरायला जाड चादर किंवा चटई
- हात असलेली, टणक बैठकीची खुर्ची
- झाडूचा दांडा किंवा तेवढीच लांब काठी (पायरी ८ साठी)
- वही-पेन

वहीत दिवसातून दोनदाच लिहा: सकाळी आणि रात्री. ० ते १० मध्ये दुखणं किती, कळ कुठपर्यंत गेली (कंबर, कुल्ला, गुडघा, पोटरी की पाऊल), सलग किती मिनिटं चालता आलं, किती मिनिटं बसता आलं. तासातासाला नोंदी ठेवल्या तर लक्ष सतत दुखण्यातच राहतं, आणि ते उलटं पडतं.

३. पहिले काही तास: दुखणं उतरवणारी स्थिती

कळ भरली असताना ताठ उभं राहण्याचा अट्टहास नको. जमिनीवर चटई टाकून पुढची स्थिती घ्या. उताणे झोपा, दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवा, खुबे आणि गुडघे दोन्हींत साधारण काटकोन. डोक्याखाली पातळ उशी. पाय लोंबकळत नाहीत आणि कंबर जमिनीला आपोआप टेकते, एवढं पाहा. नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडा, पोट वर-खाली होऊ द्या. आवळलेले स्नायू सैल व्हायला १० ते १५ मिनिटं लागतात.

जमिनीवर उतरणंच अशक्य असेल तर पलंगावर कुशीवर झोपा आणि गुडघ्यांमध्ये उशी घ्या. काहींना पालथं झोपून पोटाखाली पातळ उशी घेतल्यावर बरं वाटतं. जी स्थिती मानवते ती तुमची. शेजाऱ्याला जी मानवली ती तुम्हाला मानवेलच असं नाही.

मात्र एका वेळी २० मिनिटं पुरे. मग उठून दोन-चार मिनिटं घरातल्या घरात फिरा, पुन्हा हवं तर आडवे व्हा. १९९५ साली फिनलंडमध्ये कंबर धरलेल्या लोकांचे तीन गट करून पाहिले: दोन दिवस अंथरुणात विश्रांती, कमरेचे व्यायाम, आणि झेपेल तशी रोजची कामं. कामं चालू ठेवणारे सर्वांत लवकर सावरले. आणि झोपून राहिलेले तर फक्त दोनच दिवस झोपले होते.

४. अंथरुणातून उठणं

पहिल्या दिवशी सर्वांत जास्त कळ याच वेळी निघते, कारण बहुतेक जण उताणे असताना डोकं उचलून सरळ उठायला जातात. तसं करताना पोटाचे आणि कमरेचे स्नायू एकदम जोर लावतात आणि कणाही पिळला जातो. असं करा:

१) उताणे असाल तर दोन्ही गुडघे एकेक करून वाकवा, तळपाय गादीवर टेकवा.
२) खांदे, कंबर आणि गुडघे एकाच वेळी वळवून कुशीवर या. आधी गुडघे आणि मग खांदे असं झालं की चमक निघालीच. वरचा हात समोर गादीवर टेकवा.
३) पाय पलंगाच्या कडेबाहेर सरकवा. पाय खाली उतरत असतानाच खालचं कोपर आणि वरच्या हाताचा तळवा यांनी गादी दाबा. पायांचं वजन खाली जातं तसं धड वर येतं, त्यामुळे कमरेला फारसं काही करावं लागत नाही.
४) कडेवर बसून दोन श्वास घ्या. तळपाय मागे, गुडघ्यांखाली घ्या, बूड पुढे सरकवा, हात मांड्यांवर दाबा आणि छाती पुढे नेत उभे राहा.

झोपताना हाच क्रम उलटा. पलंग फार खाली असेल किंवा गादी मध्ये खोल जात असेल तर कुशीवरून उठणंही जड जातं. अशा वेळी काही दिवस जमिनीवरच्या गादीपेक्षा उंच आणि टणक पलंग सोयीचा.

खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की एक हात भिंतीवर किंवा मांडीवर टेकवा, पोट किंचित घट्ट करा आणि छाती थोडी वर काढा. पुढे वाकून दिलेली शिंक कमरेला फार लागते.

५. शेक

ताज्या कंबरदुखीत गरम शेकाने थोडा पण खात्रीचा आराम मिळतो. वेळ १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पिशवी आणि कातडी यांच्यामध्ये टॉवेलची घडी हवीच. ऊब सुखाची वाटली पाहिजे. ‘सोसवतंय ना, मग चालेल’ हा हिशेब चुकीचा.

बर्फाने काहींना बरं वाटतं, विशेषतः मार लागल्यावर पहिल्या दिवशी. कंबरदुखीत त्याचा पुरावा तोकडा आहे. वापरायचाच तर कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं.

शेकातले सापळे चार. विजेचा पट्टा लावून झोपी जाऊ नका. गोळीने गुंगी आली असेल तर मुळीच नाही. मधुमेहामुळे किंवा नस दबल्यामुळे कातडी बधिर असेल तर भाजल्याचं कळतच नाही, तेव्हा तापमान दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्या. वेदनाशामक मलम लावल्यावर त्याच जागी शेक देऊ नका: औषध जास्त शोषलं जातं आणि कातडी पोळते. एकाच जागी आठवडेच्या आठवडे शेकत राहिल्यास कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात; दिसले तर शेक बंद करा.

६. गोळी

गोळीचा उद्देश हालचाल करता यावी हा. दुखणं शून्यावर आणायच्या मागे लागलं की मात्रा वाढत जाते.

पॅरासिटामॉल घरात असतं म्हणून आधी तेच घेतलं जातं. ताज्या कंबरदुखीवर त्याचा मोठा अभ्यास २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. नियमित पॅरासिटामॉल घेणारे साधारण १७ दिवसांत बरे झाले, औषध नसलेली गोळी घेणारे १६. त्यामुळे इतर गोळ्या चालत नसतील आणि याने थोडं बरं वाटत असेल तरच ते घ्या, चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या आत. यकृताचा त्रास किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आयब्युप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा थोडा जास्त उपयोग होतो. निरोगी प्रौढाने स्वतःहून घ्यायची आयब्युप्रोफेनची मात्रा एका वेळी २०० ते ४०० मिलिग्रॅम, खाल्ल्यानंतर, दोन मात्रांत किमान सहा तास, आणि दिवसभरात मिळून १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. तीन-चार दिवसांत फरक नसेल तर पुढे रेटू नका.

मूत्रपिंडाचा विकार, पोटातला व्रण, हृदयविकार, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अॅस्पिरिनने उठणारा दमा, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तरी विचारा. आणि पाकिटावरचे घटक वाचा. वेगवेगळ्या नावांच्या दोन गोळ्यांत एकच औषध असणं, किंवा एकाच जातीची दोन औषधं एकत्र पोटात जाणं, ही घरोघरी होणारी चूक आहे.

७. तुमची दिशा शोधा

हा भाग सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. साधारण दोन प्रकारची माणसं आढळतात. एकांचं दुखणं बसून, वाकून, खोकून वाढतं आणि चालल्यावर, मागे झुकल्यावर उतरतं. दुसऱ्यांचं उभं राहून, चालून वाढतं आणि बसल्यावर, पुढे झुकल्यावर उतरतं. पहिला प्रकार तरुण आणि मध्यमवयीन माणसांत जास्त, दुसरा साठीच्या पुढे, जिथे मज्जारज्जूची नळी अरुंद झालेली असू शकते. अशी माणसं दहा मिनिटं चालली की पाय भरून येतात, आणि ढकलगाडीवर रेलून चालली की अर्धा तास सहज चालतात.

पहिल्या प्रकारासाठी क्रम असा:

१) पालथे झोपा, हात बाजूला, मान एका कुशीला. २ ते ३ मिनिटं नुसते पडून राहा.
२) जमलं तर कोपरांवर टेकून छाती उचला, पोट खाली सैल सोडा. पुन्हा २ ते ३ मिनिटं.
३) तेही जमलं तर तळहात खांद्यांजवळ टेकवून हातांच्या जोरावर छाती वर न्या. भुजंगासनासारखं दिसतं, फरक एवढाच की इथे पाठीने अजिबात जोर लावायचा नाही; कंबर आणि कुल्ले मेल्यासारखे ढिले. वर एक-दोन सेकंद, मग खाली. १० वेळा. दर दोन-तीन तासांनी.

आता निकाल वाचायचा कसा? कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कुल्ल्यात, कुल्ल्यातून कमरेच्या मध्यावर सरकली तर दिशा बरोबर आहे. या काळात मधली कंबर आधीपेक्षा जास्त दुखू शकते, तरीही लक्षण चांगलंच. उलट कंबर हलकी वाटली पण कळ पायात आणखी खाली उतरली किंवा मुंग्या वाढल्या, तर लगेच थांबा. नेमकं हेच उलटं वाचलं जातं: ‘कंबर बरी आहे, फक्त पाऊल बधिर झालंय’ म्हणून माणूस व्यायाम चालूच ठेवतो.

दुसऱ्या प्रकारासाठी उताणे झोपून एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, ५ सेकंद धरा, सोडा. दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा, मग दोन्ही गुडघे एकत्र पाच वेळा. निकाल वाचायचा नियम तोच. कोणत्याही दिशेने फरक पडत नसेल, किंवा दोन्हींनी पायातली कळ वाढत असेल, तर दिशेचा नाद सोडा, पायरी ३ आणि ८ पुरे. सात-आठ दिवसांनी फिजिओथेरपिस्टना दाखवा.

८. चालणं, वाकणं, बसणं

चालायला पहिल्या दिवसापासून सुरुवात. सपाट जागी, ५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. दुखणं नेहमीपेक्षा दोन अंकांहून जास्त चढत नसेल आणि तासाभरात पूर्वपदावर येत असेल तर दर एक-दोन दिवसांनी प्रत्येक फेरीत २-३ मिनिटं वाढवा. हात मोकळे ठेवा आणि पावलं जरा भरभर टाका. खूप हळू, जपून चालण्याने कमरेचे स्नायू सतत आवळलेले राहतात.

वाकण्यासाठी काठीचा सराव करा. काठी पाठीवर उभी धरा, अशी की ती तीन ठिकाणी टेकेल: डोक्याची मागची बाजू, दोन खांद्यांच्या मधला भाग, माकडहाड. गुडघे थोडे सैल. आता कंबर न वाकवता कुल्ले मागे न्या, जणू मागच्या दाराला बुडाने धक्का द्यायचाय. छाती आपोआप पुढे येईल. काठी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहिली तर वाकणं खुब्यातून झालं. माकडहाडापासून सुटली तर कमरेतून. सुरुवातीला आरशासमोर तिरकं उभं राहून बघा, कारण मनाला वाटतं एक आणि होतं भलतंच. वीसेक वेळा केलं की अंगवळणी पडू लागतं. मग तोंड धुताना एक हात कडेला टेकवून, खालच्या कप्प्यातली वस्तू काढताना एक गुडघा जमिनीला लावून हेच वापरा.

वजन उचलताना वाकण्याच्या पद्धतीइतकंच महत्त्व अंतराला आहे. वस्तू पोटाला चिकटवून धरा. तीच हात लांब करून धरली तर कमरेवरचा भार कितीतरी पटींनी वाढतो. आणि उचलून झाल्यावर कंबर पिळू नका, पावलं टाकून वळा.

सकाळचा पहिला तास जपा. रात्रभर आडवं असताना मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात (म्हणून आपण सकाळी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो) आणि फुगलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. उभं राहिल्यावर त्यातलं बरंचसं पाणी पहिल्या तासातच उतरतं. मोजे घालणं, जड बादली उचलणं, पुढे वाकायचे ताण देणं हे तासाभराने करा. ‘सकाळी उठल्या उठल्या व्यायाम उत्तम’ ही समजूत कंबरदुखीत नडते.

बसण्याबद्दल फार काथ्याकूट होतो. थोडक्यात: बूड खुर्चीच्या पाठीला भिडवा, कमरेच्या बाकात टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी ठेवा, तळपाय जमिनीला टेकवा, मागच्या खिशातलं पाकीट काढा. आणि दर २० ते ३० मिनिटांनी उठा. उत्तम खुर्चीवर तीन तास बसण्यापेक्षा साध्या खुर्चीवरून सहा वेळा उठणं बरं.

९. झोप

कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत उशी घ्यावी. नुसती गुडघ्यांत घेतली तर पाऊल खाली पडून खुबा पिळतो. उताणे झोपणाऱ्यांनी उशी गुडघ्यांखाली. गादी दगडासारखी टणक हवी हा समज जुना. २००३ साली जुनाट कंबरदुखीच्या ३१३ लोकांवर झालेल्या अभ्यासात मध्यम टणक गादीने टणक गादीपेक्षा जास्त आराम दिला. लगेच नवी गादी आणायची गरज नाही.

१०. दुसऱ्या आठवड्यापासून: बळ

उठणं-बसणं सुसह्य झालं की तीन व्यायाम सुरू करा. कॅनडातले कणातज्ज्ञ स्टुअर्ट मॅकगिल यांनी हे त्रिकूट रूढ केलं. यात कंबर वाकत नाही, स्थिर राहायला शिकते.

पहिला: उताणे, एक गुडघा वाकवलेला, एक पाय सरळ, दोन्ही तळहात कमरेच्या बाकाखाली. डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचला. हनुवटी छातीला भिडवायची नाही, कंबर हातांवर दाबायची नाही.

दुसरा: कुशीवर, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवलेले. कुल्ला उचलून खांदा, खुबा, गुडघा एका रेषेत आणा. दोन्ही बाजूंनी.

तिसरा: हात-गुडघ्यांवर ओणवे, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे. पाय कमरेच्या उंचीच्या वर गेला की कंबर खचते. नीट येतंय का हे पाहायला कमरेवर एखादं पातळ पुस्तक आडवं ठेवा; ते घरंगळलं तर पाय खाली घ्या.

प्रत्येक वेळी १० सेकंद धरा, श्वास कोंडू नका. आधी ६ वेळा, थोडं थांबून ४ वेळा, मग २ वेळा. दमल्यावर ढब बिघडते, म्हणून संख्या उतरती. रोज केलं तरी चालतं. धरायचा वेळ वाढवू नका, संख्या वाढवा.

दुखणं थांबलं की व्यायामही थांबतो, आणि बऱ्याच जणांची कंबर वर्षभरात पुन्हा धरते. इथे चालणं कामाला येतं. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटांच्या चालण्याकडे जाणाऱ्यांमध्ये पुन्हा कंबर धरेपर्यंतचा काळ साधारण २०८ दिवस होता. असा कार्यक्रम न दिलेल्या गटात ११२.

११. हमखास होणाऱ्या चुका

*लगेच एमआरआय.* काहीही न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्या गोळा करून पाहिल्या, तेव्हा विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणजे अहवालातली ‘फुगलेली चकती’ तुमच्या दुखण्याचं कारण असेलच असं नाही, पण तो शब्द वाचून माणूस हलायचा थांबतो. पायरी १ मधलं काही नसेल तर सहा आठवडे थांबायला हरकत नसते.

*कमरेचा पट्टा दिवसभर.* प्रवासात किंवा नाइलाजाच्या कामात तास-दोन तास बांधा. त्याने बरं होण्याचा वेग वाढत नाही, आणि सवय लागली की पट्टा काढल्यावर माणूस हालचालीला आणखी बिचकतो.

*चोळून, दाबून, ‘मणका बसवून’ घेणं.* हलक्या हाताच्या मालिशने तात्पुरतं बरं वाटतं, खुशाल करा. पाठीवर पाय देणं, झटका देऊन कडकड आवाज काढणं हे अप्रशिक्षित हातांनी नको. पायात कळ, बधिरपणा किंवा ठिसूळ हाडं असतील तर कुणाच्याही हातून नको.

*बरं वाटलं त्या दिवशी राहिलेली सगळी कामं.* चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास घडतं. काम आदल्या दिवशीपेक्षा पाचेक टक्क्यांनी वाढवा, दुपटीने नको.

१२. दाखवायला जाताना

दोन आठवड्यांत काहीच उतार नसेल, पायातली कळ वाढत असेल, किंवा सहा आठवड्यांनंतरही कामं अडत असतील तर डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. आणखी एका प्रकारच्या लोकांनी लवकर जावं: वय ४५च्या आत, दुखणं तीन महिन्यांहून जुनं, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त आखडलेपण, पहाटे दुखण्याने जाग, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने उतरणं. हा सांध्यांच्या दाहाचा आजार असू शकतो. त्याची औषधं वेगळी आणि डॉक्टर संधिवाताचे.

सोबत न्या: पायरी २ मधली वही, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी (मात्रेसह; पाकिटं नेली तर उत्तम), जुने एक्स-रे आणि अहवाल, पूर्वीच्या आजारांची आणि शस्त्रक्रियांची टिपणं. मधुमेही असाल तर अलीकडची साखरेची नोंदही घ्या.

तिथे तीन प्रश्न विचारा. पायातलं बळ, संवेदना आणि हातोडी ठोकल्यावर पायाला येणारे झटके तपासून काय दिसलं? कोणती हालचाल टाळायची आणि ती किती दिवस? सुचवलेल्या तपासणीच्या निकालाने उपचार बदलणार आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं, तर ती तपासणी आत्ताच का करायची हे तिथेच विचारून घ्या.